मका-ज्वारीवरचा मावा शेजारच्या भातावर आणि नाचणीवर तितकाच वाढतो का?

प्रश्न : डिचोलीचा दूधउत्पादक

नमस्कार मंडळी.

डिचोली तालुक्यात माझी थोडी शेती आणि काही दुभती जनावरे आहेत. पावसाळी भाताची कापणी झाल्यावर एका मळ्यात मी चाऱ्यासाठी आफ्रिकन टॉल मका पेरला, त्याला लागून चाऱ्याच्या ज्वारीचा पट्टा ठेवला आणि वरच्या चढावरील तुकड्यात नाचणी लावली. बांधापलीकडे शेजाऱ्यांचे वायंगण (हिवाळी हंगामातले) भात उभे आहे. अशी चार तृणधान्ये एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर वाढत असताना मावा मात्र प्रत्येकावर निराळ्या तऱ्हेने दिसतो आहे.

मक्याच्या पोंग्यात निळसर हिरव्या माव्याची एवढी दाटी झाली आहे की पान उलगडताच कातीचा पांढरा भुसा खाली पडतो. ज्वारीच्या खालच्या पानांच्या मागच्या बाजूला फिकट पिवळा मावा आहे आणि त्याखालची पाने चिकट होऊन काही ठिकाणी काळी पडू लागली आहेत. नाचणीच्या पानांवर शोधून एखाददुसरा कीटक सापडतो. भातावर मला काही पंखवाले मावे बसलेले दिसले, परंतु पिल्ले कुठेच आढळली नाहीत.

शेजाऱ्यांचे म्हणणे असे की हा मावा आता त्यांच्या भातात उतरणार, म्हणून मी मक्यावर ताबडतोब विषारी औषध फवारावे. तो मका माझ्या जनावरांच्या पोटात जाणार असल्यामुळे मला ते पटत नाही. माझे प्रश्न दोन आहेत. एक, या चारही पिकांवर हीच कीड सारख्याच जोमाने वाढू शकते का? दोन, अमुक पीक माव्याला अधिक मानवते असे अभ्यासक म्हणतात, तेव्हा ते कशाच्या आधारावर म्हणतात? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

उत्तर १ : कीटकशास्त्राची विद्यार्थिनी, फोंडा

दादा, भातावर पंखवाले मावे दिसले पण पिल्ले दिसली नाहीत, ही तुमची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. पंखवाला मावा वाऱ्याबरोबर कुठेही जाऊन बसतो. बसल्यानंतर तो आपली सुईसारखी सोंड पानात घालून चाचपणी करतो आणि झाड मानवले नाही तर उडून जातो किंवा तिथेच मरतो. त्यामुळे एखाद्या पिकावर मावा दिसणे आणि त्या पिकावर मावा वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मादी एका जागी स्थिर होऊन पिल्ले घालू लागली, ती पिल्ले वाढून त्यांनाही पिल्ले झाली, तरच ते पीक त्या माव्याचे खरे यजमान होय.

आता तुमच्या शेतातील कीड एकच आहे का, याकडे वळते. वर्णनावरून त्या दोन वेगळ्या जाती आहेत. मक्याच्या पोंग्यातील निळसर हिरवा मावा हा ऱ्होपॅलोसिफम मायडिस असावा. त्याचे पाय आणि पोटाच्या मागच्या टोकावरच्या दोन आखूड नळ्या काळपट असतात, आणि त्या नळ्यांच्या बुडाशी जांभळट छटा दिसते. ज्वारीच्या पानांखालचा पिवळा मावा हा मेलॅनाफिस सॅकॅराय किंवा त्याचा अगदी जवळचा भाऊबंद असावा. घाटावरच्या रब्बी ज्वारीवर जो चिकटा पडतो, तो यानेच. पहिल्याला मका, ज्वारी आणि उत्तरेकडील सातू ही तिन्ही पिके उत्तम मानवतात, गव्हावर तो बेताचाच वाढतो आणि ओटवर फारसा टिकत नाही. दुसऱ्याचा संसार मुख्यतः ज्वारी, ऊस आणि ज्वारीच्या कुळातील रानगवतांवर चालतो. तो तुमच्या मक्यावर जाऊन बसला तरी तिथे ज्वारीइतकी वाढ करत नाही. दोघांपैकी कुणाच्याही मोठ्या वसाहती भातावर सहसा उभ्या राहत नाहीत. शेजारकाकांना हे सांगायला हरकत नाही.

असे का होते, हे समजण्यासाठी मावा काय खातो ते पाहावे लागते. तो पान कुरतडत नाही. झाडाने पानात तयार केलेली साखर ज्या नलिकांतून वाहते, त्या नलिकांपर्यंत सोंड पोहोचवून तो रस पितो. या रसात साखर भरपूर असते, पण शरीर घडवणारी अमिनो आम्ले कमी आणि असमतोल असतात. त्यांची तूट माव्याच्या पेशींत राहणारे बुख्नेरा नावाचे जीवाणू काही अंशी भरून काढतात. जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकली जाते, त्यावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्याही जमतात. ज्या पिकाच्या, ज्या भागाच्या आणि ज्या वयाच्या रसात अमिनो आम्ले अधिक, तिथे माव्याची वाढ जलद होते. युरिया जास्त झालेल्या गर्द हिरव्या पिकावर मावा फोफावतो, त्याचेही कारण हेच.

दुसऱ्या बाजूला झाडाचे स्वतःचे संरक्षण असते, आणि तृणधान्ये एकाच कुळातील असूनही ते प्रत्येकाचे वेगळे आहे. मका, गहू आणि राय यांच्यात बेन्झॉक्साझिनॉइड नावाची संयुगे असतात. मका आणि गहू यांच्यातील प्रमुख संयुगाला डिम्बोआ म्हणतात. मक्याच्या कोवळ्या रोपात ती भरपूर असतात आणि वय वाढेल तशी कमी होत जातात. लागवडीच्या सातूमध्ये डिम्बोआ नसते, त्याऐवजी अनेक वाणांत ग्रॅमीन नावाचे अल्कलॉइड असते. ज्वारीत धुरीन असते. कोवळी किंवा पाण्याच्या ताणावरची ज्वारी खाल्ल्याने जनावरांना जी विषबाधा होते, ती त्यातून सुटणाऱ्या सायनाइडमुळे. तरीही ज्वारीवरचा मावा सुखाने जगतो, कारण त्याची सोंड पेशी फारशा न फोडता त्यांच्यामधल्या वाटेने आत शिरते आणि धुरीन फुटून विष तयार होण्याची वेळ त्यामुळे कमी येते. भाताची पाने आणि तूस सिलिकाने भरलेली असतात. गहू, मका आणि ज्वारी यांना सिलिकॉन दिल्यावर माव्याची वाढ मंदावते असे प्रयोगांत आढळले आहे.

थंड प्रदेशातील धान्यांवर या विषयाचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे. ओट आणि सातूवर ऱ्होपॅलोसिफम पॅडी ही जात चांगली वाढते. ती खालच्या पानांवर आणि बुंध्याकडे राहते आणि पिवळ्या खुजेपणाचा विषाणू पसरवते. गव्हाच्या ओंबीवर सिटोबियन अव्हेनी गर्दी करतो, कारण दाणे भरताना अमिनो आम्लांचा ओघ ओंबीकडे वळलेला असतो. एकाच गव्हाच्या झाडावर एक जात बुंध्याशी आणि दुसरी ओंबीवर सुखी असते. म्हणून केवळ 'माव्याला गहू आवडतो' एवढ्या वाक्याला फारसा अर्थ नाही. कोणता मावा, झाडाचा कोणता भाग आणि कोणते वय, हे सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

उत्तर २ : नाचणीवाली, सत्तरी

ताईंनी पानांबद्दल चांगले लिहिले आहे. नाचणीच्या बाबतीत मात्र मुळांकडे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. आमच्याकडे डोंगरउतारावर पावसाळी नाचणी असते. मध्येच पावसाने ओढ दिली की शेतात जागोजागी पिवळी पडलेली, खुंटलेली रोपे दिसतात आणि लोक ती खताची कमतरता समजतात. रोप हलक्या हाताने उपटून पाहिले, तर मुळांना चिकटलेले गोल, फिकट, पांढरट भुकटी लागलेले मावे सापडतात आणि बुंध्याभोवती मुंग्यांनी उकरलेली बारीक माती असते. हा मुळांवरचा मावा टेट्रान्यूरा जातीचा आहे, असे मला कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी नमुना पाहून सांगितले होते. त्याच्या अंगातून निघणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या त्याला सांभाळतात आणि एका रोपाच्या मुळावरून दुसऱ्यावर पोहोचवतात, त्यामुळे केवळ मुंग्या घालवण्यासाठी काही टाकून भागत नाही.

नाचणीच्या कणसांवर आणखी एक तपकिरी, गंजासारख्या रंगाचा मावा येतो, ज्याची शेपटी फिकट असते. तो भाताच्या लोंबीवर आणि रानगवतांवरही दिसतो. त्याचे नाव हिस्टेरोन्यूरा सेटॅरी. तुमच्या नाचणीला अजून कणसे आली नसतील तर आज पाने स्वच्छ दिसतात एवढ्यावर समाधान मानू नका. निसवल्यानंतर पुन्हा एकदा कणसे उघडून पाहा.

भाताबद्दलही तसेच आहे. खाजनातील किंवा केर जमिनीतील, पाणी साठलेल्या भातात मुळांवर मावा राहू शकत नाही. मोरड जमिनीत मात्र पाणी उभे राहत नाही, मातीत हवा खेळते आणि अशा ठिकाणी भाताच्या मुळांवर ऱ्होपॅलोसिफम रूफिॲब्डॉमिनेल हा मावा येऊ शकतो. तो हिरवट काळसर असून मागच्या टोकाला तांबूस असतो. पीक तेच, पण बांधाच्या खाली तो राहू शकत नाही आणि वरच्या तुकड्यात राहतो. चिखलणी करून पाणी उभे करणे हाच तिथला सर्वांत स्वस्त उपाय आहे, अर्थात जिथे पाणी टिकते तिथेच.

उत्तर ३ : निवृत्त कृषी साहाय्यक, पेडणे

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. मला शेजाऱ्यांच्या भीतीबद्दल आणि फवारणीबद्दल लिहायचे आहे, कारण प्रत्यक्षात निर्णय तिथेच घ्यावा लागतो.

वायंगण भाताला रस शोषणाऱ्या किडींचा खरा धोका तपकिरी तुडतुड्यांपासून असतो. ते बुंध्याशी, पाण्याच्या पातळीच्या जरा वर बसतात, धक्का लागताच तिरके उड्या मारतात, आणि त्यांच्यामुळे शेतात गोलाकार करपलेले पट्टे पडतात. त्यांचा तुमच्या मक्यावरच्या माव्याशी काहीही संबंध नाही. तसेच भातानंतर आपल्याकडे अळसांदे (चवळी) पेरतात, त्यांच्या शेंगांवर काळा चकचकीत मावा येतो. तोही निराळ्या जातीचा असून द्विदल पिकांचा आहे, तो तृणधान्यांवर संसार थाटत नाही. सर्वच बारीक कीटकांना मावा समजून एकच औषध सगळीकडे मारण्याची सवय लागली, की तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि माव्याला खाणारे ढालकिडे दोन्ही मरतात, आणि पुढच्या पंधरवड्यात किडी दुप्पट होऊन परत येतात. म्हणून तुमच्या शेजाऱ्यांनी आपल्या भाताचे बुंधे आठवड्यातून एकदा वाकवून पाहावेत, हे तुमच्या मक्यावर फवारणी करण्यापेक्षा त्यांच्या कितीतरी अधिक उपयोगाचे आहे.

मक्याच्या पोंग्यातील माव्याने चाऱ्याच्या पिकाचे सहसा मोठे नुकसान होत नाही. तुरा बाहेर पडताना दाटी सर्वाधिक असते, नंतर ती विखुरते. तुमचा मका दाण्यासाठी नसून चाऱ्यासाठी असल्यामुळे तुरा ते दुधाळ कणीस या अवस्थेत तुम्ही तो कापणारच आहात, आणि कापणीबरोबर माव्याचा मोठा भाग शेताबाहेर जातो. ज्या पोंग्यांत दाटी आहे त्या ओळी आधी कापा. ज्वारीवरच्या पिवळ्या माव्याकडे मात्र गांभीर्याने पाहा. तो खालच्या पानांपासून वर चढत जातो, पाने सुकवतो आणि चिकट, काळा पडलेला चारा जनावरे नाकारतात. खालची गच्च भरलेली पाने काढून टाकावीत आणि पाच टक्के निंबोळी अर्क पानांच्या मागच्या बाजूला पोहोचेल असा संध्याकाळी फवारावा. त्यासाठी १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवून गाळून घेतात. आपल्या दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही मित्रबुरशीही बरी लागू पडते. पानांवर फुगलेले, सोनेरी तपकिरी, न हलणारे मावे दिसले तर ते परोपजीवी गांधीलमाशीने मारलेले आहेत असे समजा. अशी पाने तोडू नका, त्यांतून आणखी गांधीलमाश्या बाहेर पडायच्या आहेत.

एक सूचना चाऱ्याविषयी. ज्वारी फुलोऱ्यावर येण्यापूर्वी, विशेषतः पाण्याचा ताण पडलेली असताना, जनावरांना घालू नका. मावा पडला म्हणून घाईने कोवळी ज्वारी कापून टाकण्याचा मोह होतो, पण धुरीनचा धोका त्यातच आहे.

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न

ताई, बाई आणि काका, तिघांचेही मनःपूर्वक आभार. नाचणीची काही रोपे उपटून पाहिली. सुदैवाने मुळे स्वच्छ आहेत. शेजाऱ्यांना बुंधे पाहण्यास सांगितले आहे आणि त्यांनी ते मान्य केले.

आता एकच विचारायचे राहिले. पुढच्या हंगामात मला ज्वारीचे दोन वाण शेजारी शेजारी लावून कोणत्यावर मावा कमी वाढतो हे पाहायचे आहे. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने सांगितले तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? अभ्यासक हे मोजतात कसे?

उत्तर ४ : कीटकशास्त्राची विद्यार्थिनी, फोंडा

दादा, हा प्रश्न विचारलात याचा मला फार आनंद झाला, कारण ही मोजणी शेतकऱ्याला घरच्या घरी करता येण्यासारखी आहे.

झाडाचा प्रतिकार तीन प्रकारचा असतो, अशी मांडणी अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ आर. एच. पेंटर यांनी १९५१ मध्ये केली, आणि ती आजही वापरली जाते. कीड त्या झाडाकडे येणेच टाळते, हा एक प्रकार. ती येते, पण त्या झाडावर तिची वाढ आणि वीण मंदावते, हा दुसरा. कीड वाढली तरी झाड ते नुकसान सहन करते, हा तिसरा. शेतात नुसती संख्या मोजली तर हे तिन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणून वाढ मोजायची असेल तर माव्याला निवडीची संधी न देता एका पानावर कोंडून ठेवावे लागते.

त्यासाठी पानावर बारीक जाळीच्या कापडाची छोटी पिशवी बांधा, तिच्यात एक बिनपंखी प्रौढ मादी सोडा. दुसऱ्या दिवशी तिने घातलेल्या पिल्लांपैकी एकच ठेवून आईसह बाकी सर्व काढून टाका. त्या पिल्लाला स्वतःचे पहिले पिल्लू होईपर्यंत किती दिवस लागले ते लिहा. त्यानंतर तेवढेच दिवस ती मादी रोज किती पिल्ले घालते ते मोजा आणि मोजलेली पिल्ले रोज काढून टाका. माव्याच्या मादीला नराची गरज नसते, तिच्या पोटातील पिल्लांच्याही पोटात पुढची पिल्ले घडत असतात, म्हणून या दोन आकड्यांवरून वाढीचा वेग चांगला कळतो. १९७७ मध्ये वायट आणि व्हाइट यांनी यासाठी सोपे सूत्र दिले : पिल्लांच्या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम (कॅल्क्युलेटरवरचे ln बटण) घ्यावा, त्याला ०.७३८ ने गुणावे आणि पहिल्या पिल्लापर्यंतच्या दिवसांनी भागावे.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा, एका वाणावर मादी ७ दिवसांत प्रौढ होऊन पिल्ले घालू लागली आणि पुढच्या ७ दिवसांत तिने ४० पिल्ले दिली, तर वाढीचा दर दिवसाला सुमारे ०.३९ येतो, म्हणजे संख्या पावणेदोन दिवसांत दुप्पट होते. दुसऱ्या वाणावर तिला १० दिवस लागले आणि पुढच्या १० दिवसांत तिने १५ पिल्ले दिली, तर दर ०.२० येतो आणि दुप्पट व्हायला सुमारे साडेतीन दिवस लागतात. हा फरक कागदावर लहान वाटतो. पण दोन दिवसांत दुप्पट होणारा मावा १६ दिवसांत २५६ पट होतो आणि चार दिवसांत दुप्पट होणारा तेवढ्याच काळात १६ पट. ढालकिडे आणि क्रायसोपा (माव्याला खाणारा आणखी एक मित्रकीटक) यांना दुसऱ्या शेतात मावा गाठता येतो, पहिल्यात ते मागे पडतात. थोडासा प्रतिकारक वाण आणि मित्रकीटक एकत्र असले तर फवारणीची गरज सहसा का पडत नाही, ते यावरून कळते.

दोन गोष्टींची काळजी घ्या. प्रत्येक वाणाची एकाच वयाची आणि एकाच उंचीवरची पाने निवडा, खत आणि पाणी सारखे द्या. नाहीतर तुम्ही वाण मोजत नसून युरिया मोजत असता. आणि प्रत्येक वाणावर एकच पिशवी न ठेवता वेगवेगळ्या झाडांवर निदान दहा-बारा ठेवा, कारण एखादी मादीच अशक्त निघू शकते. कडक उन्हात पिशवीतले तापमान चढते आणि माव्याची वीण घटते, म्हणून सावलीकडची पाने घ्या.

आज प्रतिकारक ठरलेला वाण कायम तसाच राहील असेही समजू नका. अमेरिकेत शिझॅफिस ग्रॅमिनम हा मावा बराच काळ मुख्यतः गहू, सातू आणि ओट यांचा मानला जात होता. १९६८ मध्ये त्याच्या एका नव्या प्रकाराने ज्वारीवर मोठा हल्ला केला. तुमच्या ज्वारीवर दिसतो त्या गटातला पिवळा मावा तिथे आधी उसावर ठाऊक होता, पण २०१३ पासून तो टेक्सास आणि आसपासच्या ज्वारीची मोठी कीड बनला. एकच मादी पुरेशी असल्याने नवी क्षमता मिळालेल्या वंशाला पसरायला वेळ लागत नाही. म्हणून हीच मोजणी दर काही हंगामांनी पुन्हा करावी, आणि प्रत्येक वेळी मावा आपल्याच शेतातील घ्यावा.

उत्तर ५ : निवृत्त कृषी साहाय्यक, पेडणे

मोजणीला सुरुवात करण्यापूर्वी माव्याचा नमुना लहान बाटलीत स्पिरिटमध्ये घालून एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा आपल्या भागाच्या विभागीय कृषी कार्यालयात दाखवा आणि जातीची खात्री करून घ्या. बाटलीवर पीक, झाडाचा भाग आणि तारीख पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत टाका, कारण स्पिरिटने शाई पुसली जाते. मका आणि ज्वारी यांचे नमुने वेगळ्या बाटल्यांत ठेवा. दोन्ही पिकांवर एकाच वेळी दोन्ही जाती असणे शक्य आहे. ज्वारीच्या पोंग्यात निळसर हिरवा आणि त्याच झाडाच्या खालच्या पानावर पिवळा मावा मी पेडण्यात पाहिलेला आहे.